गडकऱ्याची बंदूक

भरमू आप्पांची सगळी नोकरी बेळगावच्या एका फौंड्रीत गेली, आणि तीही लाकडाशी खेळण्यात. फौंड्रीत लाकडाचं काय काम, असं कुणी विचारलं की ते न कंटाळता सांगत बसत. जी वस्तू लोखंडात ओतायची, तिचा नमुना आधी लाकडात करायचा, तो वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा आणि मागं राहिलेल्या पोकळीत रस ओतायचा. तापलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून नमुना किंचित मोठा करतात, आणि त्यासाठी या लोकांकडं मुळातच जरासं लांब केलेलं पोलादी स्केल असतं. नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. निवृत्त होताना आप्पांनी आपलं स्केल कडोलीला घरी आणलं आणि साध्या स्केलशेजारीच खिळ्याला अडकवलं.

बेळगावच्या शिवजयंतीच्या मिरवणुकीत गल्लोगल्लीचे जिवंत देखावे ट्रॉल्यांवरून निघतात. रंगवलेली, नटवलेली माणसं त्यात रात्रभर पुतळ्यासारखी उभी असतात. या वर्षी स्वरूपच्या मित्रांच्या मंडळानं किल्ले राखणाऱ्या गडकऱ्यांनी इंग्रजांविरुद्ध केलेल्या बंडाचा देखावा घेतला होता. स्वरूप आप्पांचा एकुलता एक मुलगा. निपाणीला बँकेत होता, सुट्टीला घरी येई. गोऱ्या शिपायांवर नेम धरलेला गडकरी त्यानंच व्हायचं ठरलं, आणि मंडळ त्याला थर्माकोलची बंदूक देणार होतं. आप्पांच्या हे काही पचनी पडेना.

"थर्माकोल हातात धरून बंड करत्यात व्हय रं?" ते म्हणाले, आणि त्याच दुपारी त्यांनी माळ्यावरचं जुनं शिसव खाली काढलं.

त्या काळातली चकमकीची लांब बंदूक त्यांनी चित्रं बघून बघून केली. दस्ता शिसवाचा, घोडा पितळेचा, घोड्याच्या तोंडात खरी गारगोटी. नळी म्हणजे मात्र भरीव लोखंडी कांब. तिला भोक पाडणं कायद्यात बसत नव्हतं, आणि आप्पा कायद्याला धरून चालणारे. त्यांनी स्वरूपला उभं करून खांद्यापासून कोपरापर्यंत आणि गालापासून चापापर्यंत मापं घेतली. चापाजवळ बोट टेकायला लाकडात एक खाच कोरली. स्वरूपचं ते बोट शाळेत असताना क्रिकेटचा चेंडू लागून मधल्या पेरात वाकडं झालं होतं. आप्पांनी खाच सरळच कोरली. नमुन्यात खोट ठेवायची नाही, हे त्यांच्या हाताला जन्मभर लागलेलं वळण होतं.

बंदूक अशी देखणी झाली की शेजारपाजारची माणसं मुद्दाम बघून गेली. स्वरूपनं ती खांद्याला लावली आणि हसायलाच लागला.

"आप्पा, कुणाच्या मापानं केलासा? ह्येला माझ्यापरीस जरा मोठा माणूस पायजे."

आप्पांनी भिंतीकडं पाहिलं. साधं स्केल खिळ्यालाच होतं. बाकावर, भुशात पडलेलं होतं ते फौंड्रीचं. त्यांना स्वतःची लाज वाटली, पण मिरवणूक तोंडावर आली होती, दुसरी करायला वेळ कुठला. "चालवून घे रं," ते म्हणाले, आणि स्वरूपनं चालवून घेतली.

मिरवणूक पार सकाळी संपली. बाकीची पोरं आळस देत ट्रॉलीवरून उतरली, तरी स्वरूप नेम धरून उभाच होता. मित्रांनी हाका मारल्या, मस्करी केली, शेवटी एकेक बोट सोडवून बंदूक काढून घेतली. तेव्हा खाली उभ्या असलेल्या आप्पांना दिसलं, की दस्ता त्याच्या खांद्यात आणि गालाशी अगदी तंतोतंत बसला होता. कुठं केसभर फट नव्हती. त्यांनी पोराच्या हाताला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला.

मग तो ताप. डॉक्टर झाले, रक्ताच्या तपासण्या झाल्या, सलाइन झालं, आणि कागदावर सगळं ठीकच येत राहिलं. आप्पांची बायको मंगल मिठाच्या पाण्यात फडकी बुडवून त्याच्या कपाळावर ठेवी, ती बघता बघता सुकत. पोरगं अंथरुणात सुजल्यासारखं, मोठं मोठं दिसत होतं. आप्पा देवापुढं बसत, उठत, पुन्हा बसत. ताप उतरू दे, एवढंच त्यांचं मागणं होतं. आणि ते मागतानाच मनात कुठंतरी भीती वाटे, की उतरला म्हणजे पुढं काय. फौंड्रीत ओतलेला रस गार झाल्यावर उघडलेली वाळू त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

एका सकाळी ताप उतरला. स्वरूप उठून बसला, आईकडं चहा मागितला, निपाणीला कधी जायचं ते बोलू लागला. जुना शर्ट त्याला बरोबर बसला. मंगल पदरात तोंड झाकून रडली. आप्पांच्याही डोळ्यांत पाणी आलं, पण स्वरूपनं पुढं केलेल्या कपाकडं त्यांचं लक्ष गेलं आणि ते पाणी तिथंच थांबलं. कपाच्या कडेला टेकलेलं ते चापाचं बोट सरळ होतं.

"मंगल, त्येचं बोट बघ," ते स्वयंपाकघरात जाऊन म्हणाले.

"सूज उतरली असंल. पोरगं वाचलं, आनि तुमी बोटं बघत बसलासा?"

"शाळेतल्या बोटाची सूज आत्ता उतरती व्हय?"

ती गाळलेलाच चहा पुन्हा गाळत राहिली.

आप्पा कामाच्या खोलीत आले. ओतीव काम चांगलं निघालं की फौंड्रीत सगळे खूश होतात, आणि वाळूतून काढलेला नमुना कपाटात जातो. त्याची पुन्हा कुणी चौकशी करत नाही. त्यांनीही कधी केली नव्हती. मिरवणुकीनंतर भिंतीला टांगून ठेवलेली बंदूक काढायला त्यांनी हात लावला, आणि दस्ता तापाच्या अंगासारखा कढत लागला. खोलीत ऊन नव्हतं. त्यांनी ती मांडीवर घेऊन चापाजवळ पाहिलं. स्वतः सरळ कोरलेली खाच मधल्या पेराशी वाकडी झाली होती.

त्यानंतर आप्पा वेड्यासारखे धावले. मिठाचं पाणी आणलं, फडकं पिळून दस्त्यावर ठेवलं. ते सुकलं, दुसरं ठेवलं. शिसव त्यांनी पोटाशी धरलं, त्याच्यावर गाल टेकला. "माझं चुकलं रं," ते म्हणत होते, "लेकरा, माझं स्केल चुकलं. भाईर ये." मंगल दारापर्यंत येऊन उभी राही आणि परत जाई. तिनं त्यांना थांबवलं नाही. एकदा तर तिनंच ताजं पाणी आणून ठेवलं.

दिवस कलताना फडकी ओलीच राहू लागली. आप्पांनी तरीही ती बदलणं सोडलं नाही. मागं पावलं वाजली, आणि स्वरूप त्यांच्याशेजारी उकिडवा बसला. ओलं फडकं बाजूला करून त्यानं दस्त्यावर हात ठेवला, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि बराच वेळ ठेवला.

"गार पडलंय, आप्पा," तो मायेनं म्हणाला. "आता ऱ्हाऊ दे."