बांधाशेजारची माणसं

गावात कुठलंही काम देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नाही, मग ते शिमग्याचं असो की सरकारचं. कंपनीच्या हॉटेलसाठी जमिनी घ्यायची सभा देवळाच्या मंडपात भरली, तेव्हा भूसंपादनाच्या मॅडम माईकपाशी पोचायच्या आत दत्ताराम उठला आणि त्याने देवाला हाक घातली.

"बा देवा म्हाराजा! ही तुझी लेकरा आज तुझ्या दारात जमली आसत. त्येंची राखण कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" मंडप गरजला. सगळ्यांच्या वर आवाज मागे बसलेल्या कायतानचा. रविवारी चर्चमध्ये गाणारा गळा तो, गाऱ्हाण्याला मागे कसा राहील!

खरं तर दत्तारामला त्याने साथ द्यावी असे दिवस नव्हते. दोघांच्या काजूच्या बागा एकमेकींना लागून, आणि मधल्या बांधावरून वर्षानुवर्षं वाजलेलं. बोलणं बंद, भांडण तेवढं चालू. आता कंपनीला त्या सगळ्याच बागा हव्या होत्या आणि नोकरीच्या आशेने बरेच जण राजी होते. दत्ताराम हो म्हणाला की पुरेसे होकार जमणार, मग कायतानने कितीही नाही म्हटलं तरी बापाने लावलेली बाग, विहीर, घर सगळं जाणार.

मॅडम घाटावरच्या, गाऱ्हाण्याची रीत त्यांना नवी. "हॉटेल आलं की रस्ता होईल," म्हणून त्या श्वास घ्यायला थांबल्या.

"होय म्हाराजा!" लोक म्हणाले. गाऱ्हाण्याची लय एकदा अंगात आली की लवकर जात नाही.

"नळाचं पाणी येईल."

"होय म्हाराजा!"

"तर मग जमीन द्यायला सर्वांची संमती आहे?"

"होय म्हाराजा!"

याही वेळी सगळ्यांत मोठा आवाज कायतानचाच. त्याच्या बायकोने, सबीनाने, असा चिमटा काढला की तो ताडकन उभा राहिला.

"घर दिलंस मरे तू!"

"नोंद करा मॅडम, एकमताने मंजूर!" कंपनीचा माणूस टाळ्या पिटत म्हणाला.

मॅडमना हसू आवरेना. "अहो, कायदा आरोळीवर चालत नाही. खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर शंभरातल्या ऐंशी कुटुंबांची लेखी संमती लागते. जबरदस्ती चालायची नाही. एकेकाने टेबलापाशी या."

कायतानने नकार लिहिला. दत्तारामने पेन उचललं, तसा कंपनीचा माणूस त्याच्या कानाशी लागला. "सही करा काका. शेजाऱ्याची कटकट कायमची मिटेल."

दत्तारामने पेन खाली ठेवलं.

"ह्यो गेलो तर मी भांडू कोणावांगडा? तुमच्या मॅनेजरावांगडा?" तो भर सभेत म्हणाला. "माझी संमती नाय!"

मंडपात हशा पिकला. कायतानला मात्र हसता येईना, त्याचे डोळे भरून आले होते.

एक होकार कमी पडला आणि सभा सुटली. पायरीवर चपला घालायला दोघे एकदमच वाकले. कायतानला पुष्कळ काही म्हणायचं होतं, पण या माणसाशी गोड बोलायची सवयच राहिली नव्हती.

"बांध माझोच आसा, हां," शेवटी तो म्हणाला.

"फाल्यां सकाळी ये, दाखयतंय तुका," दत्ताराम म्हणाला. "आणि येताना सबीनाक घेवन ये. च्याय माझ्याकडे घेवया."