अठ्ठेचाळीस मिनिटांची लाल काच

धुळ्याच्या जैन मंदिरातल्या नव्या खिडकीत ध्वजाच्या पाच रंगांची काच बसवायची होती आणि ट्रस्टींना ती अहमदाबादहूनच हवी होती. घेवरचंद शेठ कडाकडा भांडले. "माझ्या सुनेनं भट्टी काय पापड भाजायला घेतलीय?" शेवटी सुनेला, पलकला, संधी मिळाली, पण एकदाच.

पलकने तीन महिने काचेचे तुकडे भाजून पाहिले. बाकीचे रंग निमूट राहिले, लाल मात्र भारी नाठाळ. पुऱ्या आचेवर दहा मिनिटं ठेवला तर लाल, वीस झाली की तपकिरी, त्यापुढे काळा.

खरी काच भट्टीत चढली आणि मंदिरातून निरोप आला, चौकटीचं माप पुन्हा घ्यायला या. विजेची भट्टी आपोआप बंद होण्याची सोय तर कधीच बिघडलेली.

"पप्पाजी, तापमानाचा आकडा साडेसातशेवर गेला की दहा मिनिटं मोजा आणि बटण बंद करा. आकडा तिथवर जायला तासभर तरी लागेल."

"जा बेटा. मी बसलोय."

बसायचंच आहे तर रिकामं कशाला बसायचं? तासाभरात अठ्ठेचाळीस मिनिटांचं सामायिक, म्हणजे एका जागी बसून करायचं ध्यान, सहज उरकेल म्हणून शेठजींनी आसन टाकलं, तोंडापुढे धरायची मुहपत्ती घेतली आणि व्रत घेतलं. आता ते पुरं होईपर्यंत विजेला हात लावायचा नाही, दुसऱ्यालाही लाव म्हणायचं नाही.

भट्टीला त्या दिवशी कसली घाई होती कोण जाणे. विसाव्या मिनिटालाच आकडा साडेसातशेवर. शेठजींची माळ हातात, डोळे आकड्यावर. सज्जनबाई दारात आल्या, नवऱ्याची ती एकाग्रता पाहून धन्य झाल्या आणि हात जोडून निघून गेल्या. शेठजींचा जीव नुसता तळमळला.

दुसऱ्या दिवशी निवलेली भट्टी उघडली. ध्वजात काळा पट्टा एक असतो, इथे दोन झाले होते.

ट्रस्टींसमोर घेवरचंद स्वतःहून उभे राहिले. "सुनेची चूक नाही. मी सामायिकात होतो, उठलो नाही. आणि खरं सांगतो, मन सगळा वेळ भट्टीतच होतं. काच गेली आणि सामायिकही गेलं."

सभा गहिवरली. घरचं काम डोळ्यांदेखत जळतंय आणि माणूस व्रत मोडत नाही! अध्यक्षांनी तिथल्या तिथे शाल मागवली. "खिडकीचं काय, अहमदाबादला फोन करून टाकू," ते म्हणाले.

टाळ्या पडल्या. सासऱ्याचाच सत्कार, म्हणून पलकनेही वाजवल्या. घेवरचंदांना शरमेने तिच्याकडे बघवेना.