महेश्वरची तडी

"माणूस जातो, पण त्याची सवय जात नाही. या विश्वात तेवढी एकच गोष्ट अमर आहे," असं सिद्धप्पा कोनापुरे यांनी शनिवारी दुपारी साडेबाराला, अंगणात उभ्या पिकअपच्या पोटाखाली उताणं पडून जाहीर केलं. जाहीर करायला तोंड उघडलं होतंच, त्यात वरून मूठभर चिखलमाती पडली. पुढची दोन मिनिटं अमरत्व बाजूला ठेवून थुंकण्यात गेली.

"काय म्हणालात?" स्वयंपाकघरातून दाक्षायणीबाईंनी विचारलं. "मिक्सर चालू होता."

"काय न्हाय. चूळ भरायला पाणी दे."

"जपून भरा. चार दिवसांनी आलंय नळाला."

सिद्धप्पांनी एसटीच्या कार्यशाळेत छत्तीस वर्षं काढली होती. पोटाखाली पडून गाडीशी बोलणं हा त्यांचा मूळ धंदा. पण या गाडीशी काय बोलावं ते त्यांना कळत नव्हतं. एक तर ती ऑटोमॅटिक. क्लच नसलेली गाडी म्हणजे सिद्धप्पांच्या मते देठ नसलेलं वांगं, धरायचं कुठं? आणि दुसरं म्हणजे ती महेश्वरची.

महेश्वर त्यांचा धाकटा भाऊ. दुधनीला तुरीचा व्यापार करायचा. डावा गुडघा गेला म्हणून क्लच नसलेली गाडी घेतली. घरात मराठी-कानडी दोन्ही चालायचं, पण महेश्वरचा मुख्य शब्द एकच होता: तडी. कानडीत तडी म्हणजे थांब. जेवायला ये म्हटलं की "तडी, अण्णा". पाऊस आला, गोणी झाक म्हटलं की "तडी". दोन सेकंद थांबायचा, मग जे करायचं ते एका झटक्यात करायचा. अकरा महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी छातीला नळी लावून "श्वास घ्या" म्हटलं, तेव्हाही तो आधी थांबला. मग थांबलाच.

त्यानंतर गाडी सिद्धप्पांच्या अंगणात येऊन पडली. महेश्वरची बायको चंद्रिका धंदा बंद करणार नाही म्हणाली, गाडी शिकली, आणि तिनं पहिल्यांदा इंजिन चालू करून गिअरचा दांडा D वर ओढला, तेव्हा सगळ्यांनी ते पाहिलं. गाडी हललीच नाही. एक. दोन. मग एकदम झटका देऊन निघाली.

चंद्रिका खाली उतरली, पदर तोंडाला लावून हसली, मग बराच वेळ पदर तसाच राहिला.

तेव्हापासून प्रत्येक वेळी तेच. आधी तडी, मग झटका. महेश्वर होता तेव्हा गाडीला ही खोड नव्हती, हे सगळ्यांना आठवत होतं आणि कुणी बोलून दाखवत नव्हतं. मागच्या आठवड्यात अक्कलकोट नाक्यावर चंद्रिकानं गाडी रस्त्यावर घेतली, ब्रेकवरून पाय काढला, आणि गाडी म्हणाली तडी. बाजूनं टँकर आला. चंद्रिका वाचली, उजवा आरसा गेला.

सिद्धप्पांनी किल्ली काढून स्वतःच्या बंडीच्या खिशात घातली. "गिअरचं तेल जुनं झालंय. बदलतो. तडी गेली तरच किल्ली देईन, न्हायतर न्हाय."

चंद्रिका गाडीकडे बघून म्हणाली, "काढा, भाऊजी. पण सगळं काढू नका."

ती आज पाच वाजता गाडी न्यायला येणार होती.

बाहेर ऊन असं होतं की गल्लीतली कुत्रीसुद्धा घरात गेली होती. पान हलत नव्हतं. सिद्धप्पांनी फाटक्या सोलापुरी चादरीवर पाठ सरकवली, चाकांना विटा लावल्यात ना ते पुन्हा बघितलं आणि खालच्या बोल्टला पाना लावला.

बोल्ट सुटला, आणि त्याच क्षणी कुठून तरी आवाज आला. कुर्रर्र. लांब, सुकलेल्या घशातून निघावा तसा.

सिद्धप्पा थांबले. वारा नव्हता. "कोण हाय?" कुणी नव्हतं.

तेल घमेल्यात उतरायला लागलं. सिद्धप्पांनी आयुष्यात इंजिनाचं काळं तेल हजारदा काढलं होतं. हे काळं नव्हतं. काळपट लाल होतं, दाट, कोमट, आणि धार मुळीच घाई करत नव्हती. त्यांनी दोन बोटांत चोळून बघितलं, मग बोट चादरीला पुसलं, मग पुन्हा पुसलं.

"अहो," दाक्षायणीबाई पायरीवर आल्या, "आज शनिवार हाय. शनिवारी घरात तेल आणत न्हाईत."

"काल आणलंय. शुक्रवारी."

"आणि काढताय कधी? शनिवारी तेलात तोंड बघून ते देवाला देऊन टाकतात. आपली पीडा त्यात जाते."

"हे गिअरचं तेल हाय, दाक्षायणी. शनीला गिअर कुठं असतोय?"

पण बाई आत गेल्या आणि सिद्धप्पांनी घमेलं ओढून बाहेर घेतलं, तेव्हा मान आपोआप खाली गेली. तेल स्थिर होतं, आरशासारखं. त्यात एक तोंड होतं. कपाळ कोनापुऱ्यांचं, नाक कोनापुऱ्यांचं, आणि नाकाखाली झुबकेदार मिशी.

सिद्धप्पांनी निवृत्तीच्या दिवशी मिशी काढली होती. मिशी महेश्वरला होती.

कुर्रर्र.

सिद्धप्पांनी हळूच ओठावर हात नेला. अर्धी मिशी बोटांना लागून आली. खाली पडल्या पडल्या तेलकट हातानं नाक पुसलं होतं, त्याचा तो पट्टा. सिद्धप्पा हसले, पण घमेल्यावर पोतं टाकूनच हसले.

साडेतीन लिटर निघालं होतं. लिटरच्या मापानं मोजून साडेतीनच नवं भरलं, जास्वंदीसारखं लालभडक. पुढचं काम सोपं होतं. पातळी बघायला एक वेगळा बोल्ट असतो. तो उघडला की जास्तीचं तेल बाहेर सांडतं. सांडायचं थांबलं की पातळी बरोबर. सिद्धप्पांनी छत्तीस वर्षांच्या शिस्तीप्रमाणे इंजिन बंद आहे ना ते बघितलं आणि बोल्ट उघडला.

तेल सांडायला लागलं. थोडं सांडेल म्हणून ते बघत राहिले. थांबेना. अर्धा लिटर गेलं, लिटर गेलं. जितकं काढलं तितकंच घातलं होतं. मग हे जास्तीचं कुणाचं?

दीड लिटरला धार संपली. सिद्धप्पांनी बोल्ट आवळला, घाम पुसला, वर जाऊन सीटवर बसले. ब्रेक दाबला, इंजिन चालू केलं, दांडा D वर ओढला आणि ब्रेक सोडला.

एक. दोन. तीन.

चार.

पाच.

गाडीनं विटांवर धडक दिली. आणि इंजिनाच्या आवाजातून, अगदी जवळून, कुर्रर्र.

सिद्धप्पांनी इंजिन बंद केलं. दुपारचे तीन वाजले होते. आधी तो दोन सेकंद थांबायचा. आता पाच. म्हेश्याला जायचं नव्हतं. जसं काढू बघावं तसा तो आत आणखी पाय रोवत होता. चंद्रिका पाचला येणार. नाक्यावर पाच सेकंद म्हणजे टँकर आरशावर भागवणार नाही. किल्ली दिली तर ही गत, आणि नाही दिली तर तिनं एकटीनं उभा केलेला धंदा बसला.

"म्हेश्या," ते स्टिअरिंगला म्हणाले, "सोड की रे तिला."



"कुणाशी बोलताय?" दाक्षायणीबाई पलीकडच्या दारातून आत चढल्या. "आणि त्वांड बघा तुमचं. पुसायला फडकं हाय का यात?" त्यांनी समोरचा कप्पा उघडला. फडकं निघालं, आणि फडक्याखालून गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक. मध्ये पान दुमडलेलं. समासात निळ्या पेनानं, तुरीच्या गोण्यांवर घालतात तशा ठसठशीत अक्षरात, काही लिहिलं होतं.

बाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग पुस्तक नवऱ्याच्या हातात दिलं आणि पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला.

"अण्णा, तडी! इंजिन बंद करून बघू नको. ही एसटी न्हाय. चालू ठेवून बघायचं."

कुर्रर्र.

दोघांनी ऐकलं. चौथ्यांदा, सिद्धप्पांनी मनात मोजलं.

"कधी लिहिलं असंल हो त्यानं?"

"मला काय माहीत?" सिद्धप्पांचा आवाज फाटला. "मी तेल बदलणार हे त्याला माहीत. बंद करून बघणार हेबी माहीत. बघ की, मरून अकरा महिने झाले आणि धाकटा मोठ्याला शिकवतोय."

त्यांनी छापील मजकूर वाचला. इंजिन चालू असताना बरंच तेल आत वर ओढलं जातं. बंद केलं की ते खाली उतरतं, आणि तेव्हा बोल्ट उघडला तर गरजेचंच सांडतं. म्हणजे मघाचं दीड लिटर जास्तीचं नव्हतंच. सिद्धप्पांनीच गाडीला उपाशी ठेवलं होतं.

पाच लिटरच्या डब्यात उरलेलं दीड लिटर भरलं. दाक्षायणीबाईंना सीटवर बसवलं.

"ब्रेक दाबून धर. प्रत्येक अक्षरावर दांडा तीन-तीन सेकंद ठेव, मग परत P वर."

"P म्हंजे पुढं ना?"

"पार्क! P वर गाडी जाग्यावर राहते."

"मग पुढं कशावर?"

"D वर."

"D वर पुढं? ही अक्षरं कुणी लावली हो? विचारायचं तरी माणसांना."

दांडा सगळीकडे फिरून P वर आला, हातब्रेक लागला, आणि सिद्धप्पा चालू इंजिनाखाली सरकले. ही त्यांच्या आयुष्यातली पहिलीच वेळ. बोल्ट उघडला. बोटभर धार आली, दोऱ्याएवढी झाली, थेंब झाली. थांबली.

पाचला चंद्रिका आली. डोक्याला रुमाल, हातात तुरीच्या पावत्या. सिद्धप्पांनी तिला पुस्तकातलं पान दाखवलं. त्यांनी विटा काढेपर्यंत तिनं ते वाचलं. सीटवर बसली, इंजिन चालू केलं, D वर ओढलं आणि ब्रेक सोडला.

गाडी लगेच निघाली. एकसुद्धा मोजता आला नाही.

चंद्रिकानं ब्रेक लावला. पुन्हा P, पुन्हा D. लगेच. तिनं स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि तशीच बसून राहिली. अंगण एकदम फार मोठं वाटायला लागलं.

"सगळं निघालं का, भाऊजी?"

"न्हाय," सिद्धप्पा म्हणाले. "या गाड्यांचं सगळं कधीच निघत न्हाय. निम्म्याच्या वर जुनं आतच राहतंय. पुस्तकात छापलंय."

चंद्रिकानं मान हलवली. डोळे पुसले, पावत्या मांडीखाली सरकवल्या. सिद्धप्पा बाजूला झाले, आणि गाडी आढेवेढे न घेता दुधनीच्या रस्त्याला लागली.

घमेलं राहिलं. सिद्धप्पांनी पोतं उचललं. लाल, काळपट, स्थिर तेल. हे असं डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्यायचं? ज्यात भाऊ अकरा महिने थांबला होता ते? दोन्ही हातांनी घमेलं धरून ते उकिडवे बसले.

कुंपणापलीकडून शेजारच्या मायाक्कांनी मान वर काढली. "झालं का रं, सिद्धप्पा? दुपारधरनं तीनदा फाटक उघडून बघून गेले. तुमचं लई गंभीर चाललंतं, म्हून बोलले न्हाय."

"तीनदा?" सिद्धप्पांनी हळू विचारलं. "चारदा न्हवं?"

"तीनदाच. चौथ्यांदा कशाला येऊ उन्हात? बरं, ते जुनं तेल टाकू नको. वाटीभर ठेव मला, फाटक लई कुरकुरतंय. आज नको, शनिवार हाय. उद्या दे."