पोपटची पाचवी जिलेबी

या, असे जवळ सरका. मागे कोणी ताटकळत उभं असेल तर त्यालाही पुढे घ्या, सतरंजीवर जागा आहे. आज गोष्ट सांगायची आहे ती एका मास्तरीणबाईंची. ऐकता ऐकता मध्येच देव भेटला, तर त्याला नाही म्हणू नका.

कोपरखैरण्याच्या एका कॉलेजात सुचित्रा मॅडम अर्थशास्त्र शिकवायच्या. बाई कष्टाळू. दिवाळीत घरात चकलीचा घाणा चालू, आणि यांच्या मांडीवर लॅपटॉप. पुढच्या सत्राचे धडे, त्यात चित्रं, बाण, आलेख. ते रचताना बाईंच्या चेहऱ्यावर नवी आरास मांडल्याचा आनंद असायचा. आणि पेपर तपासणं? तो मात्र वनवास. एकादशीचं कीर्तन चुकू नये म्हणून गठ्ठा पिशवीत घालून देवळात न्यायच्या. पण बुवांनी सूर लावला की पिशवीचं तोंड काही उघडायचं नाही.

तर पहिल्या वर्षाची चाचणी झाली. प्रश्न होता, घटत्या उपयोगितेचा नियम उदाहरणासह सांगा. नियम साधाच. एकच वस्तू एकामागून एक मिळत गेली, की दर वेळी तिचं समाधान कमी होत जातं. बाईंनी आइसक्रीमचं उदाहरण दिलं होतं, रंगीत चित्रासकट.

पहिला पेपर उघडला, तर आइसक्रीम गायब. कोणी एक पोपट नावाचा गडी सप्त्याच्या भंडाऱ्यात जेवायला बसलेला. पहिली जिलेबी डोळे मिटून खाल्ली, दुसरी बोटं चाटत, तिसरी गप्पा मारत, चौथी पाण्याबरोबर. पाचवी वाढायला आले तर त्याने पानावर दोन्ही हात आडवे धरले. आणि शेवटी वाक्य: ‘जीभ तीच, जिलेबी तीच, भूक तेवढी उठून गेली.’

बाई हसल्या. दुसरा पेपर उघडला. पोपट! तिसऱ्यात पोपट, चौथ्यात पोपट. हा बाबा काही पंगतीतून उठेना. अर्ध्याहून जास्त वर्गात तो ठाण मांडून बसलेला, आणि प्रत्येक पेपरात ते शेवटचं वाक्य शब्दन् शब्द तेच.

विभागप्रमुख रणजीत सरांनी वरवर चाळलं आणि चष्मा काढला. “सरळसरळ कॉपी आहे, मॅडम. उद्या कमिटीकडे द्या. सगळ्यांना शून्य.”

शून्य म्हणजे या विषयात केटी, नापास होऊन पुन्हा परीक्षा. बाईंच्या डोळ्यांपुढे मिथुन आला. शेवटच्या बाकावरचा, खाडीकाठच्या गावातला पोरगा. त्याच्या बापाने बजावलं होतं, ‘एक जरी केटी लागली, तर कॉलेज बंद. काकाचा टेम्पो चालवायचा.’

बाईंना राग यायला हवा होता, पण आलं कुतूहल. आपल्या नोट्समध्ये नाही, गाइडात नाही, मग हा पोपट आला कुठून? त्यांनी सगळे पेपर पुन्हा वाचायला घेतले, आणि या वेळी लाल पेन बाजूला ठेवलं.

मग एक गंमत दिसू लागली. उन्नती नावाच्या मुलीच्या पेपरात पोपट बुंदीचे लाडू खात होता. एकाने त्याला लग्नात बसवलं होतं. मिथुनच्या पोपटपुढे तर कोळंबीचं कालवण! ‘पाचव्या वाटीला पोपट म्हणाला, आता कोळंबीच मला खाईल,’ असं लिहून खाली तेच वाक्य, जिलेबीसकट.

बाई थबकल्या. एकच आख्यान दोन बुवांच्या तोंडून ऐकलं की काय होतं? गाव बदलतं, जेवण बदलतं, माणसांची नावंसुद्धा इकडची तिकडे होतात. ध्रुपद तेवढं तेच राहतं. कॉपी केलेलं जसंच्या तसं उतरतं. ऐकलेली गोष्ट मात्र ज्याच्या घरी जाते त्याच्या घरचा सदरा घालते. ही पोरं कोणाचं तरी ऐकून आली होती!

दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गात विचारलं, “हा पोपट तुम्हाला कोणी सांगितला?”

सगळे खाली बघायला लागले.

“अरे, रागावत नाही मी. मला आवडलाय तो.”

मिथुन कसाबसा उठला. “मॅडम, तुमी पेपर तपासायला दुसरीकडं गेल्ता ना, तवा एक मॅडम आल्त्या. जाड चष्म्याच्या. त्या म्हनल्या, पेपरात हे लिहू नका, सुचित्रा मॅडमच्या नोट्स लिहा. पन पेपरात दुसरं काय आठवलंच नाय.”

“नाव काय त्यांचं?”

वर्गात कोणालाच सांगता येईना. पोपट सगळ्यांना ठाऊक, त्याला जेवायला बसवणारी कोणालाच नाही. ऑफिसात विचारलं तेव्हा नंबर मिळाला. विजयमालाबाई, राहणार कामोठे. तासाप्रमाणे शिकवणाऱ्या, त्या एका दिवसानंतर त्यांना पुन्हा बोलावलंच नव्हतं.

फोनवर आधी घाबरलेला आवाज आला. “चूक झाली का हो माझी? आदल्या संध्याकाळी निरोप आला, तयारीला वेळच नव्हता. मग गोष्टच सांगितली.”

“चूक कसली! माझी रंगीत चित्रं वितळली, तुमचा पोपट राहिला.”

पलीकडून हळूच प्रश्न आला, “पाचवी जिलेबी लिहिली पोरांनी?”

बाईंनी गठ्ठा ओढला आणि पहिला पेपर फोनवरच वाचून दाखवला.

रणजीत सरांना हे सगळं सांगितलं, तरी ते मान डोलवेनात. “पोपटपंची झाली ही. समजलंय कशावरून?” त्यांनी मिथुनला बोलावून घेतलं. “जिलेबी नको, कोळंबी नको. दुसरं उदाहरण दे.”

मिथुनने एकदा बाईंकडे बघितलं. “सर, तुमचं वरडनं. पयल्यांदा वरडता तवा पोटात गोळा येतो. दुसऱ्यांदा जरा कमी. पाचव्यांदा वरडलात ना, तर आमी डब्यात काय असंल याचा इचार करतो.”

बाईंनी डोळे मिटून घेतले. आणि रणजीत सर असे हसले, की शिपाई दारात येऊन बघून गेला.

“जा,” सर म्हणाले. “आता सहाव्यांदा ओरडायच्या आत जा.”

कमिटीकडे काही गेलं नाही. बाईंनी ते पेपर नव्याने तपासले. मिथुन पास झाला, टेम्पो काकाकडेच राहिला. विजयमालाबाईंना पुढच्या सत्रात तास मिळावेत म्हणून बाईंनी प्राचार्यांकडे शब्द टाकला. तास अजून मिळालेले नाहीत, बाईंनीही पाठ सोडलेली नाही. मात्र यंदा नियम शिकवताना त्यांनी आइसक्रीमचं चित्र काढून टाकलं. पोपटला पंगतीत बसवलं, आणि गोष्ट संपल्यावर वर्गाला सांगितलं, ही कोणाची आहे ते.

कारण बघा, अभंगाच्या शेवटी रचणाऱ्याचं नाव येतं, म्हणून ते आपल्यापर्यंत पोचतं. तासाच्या शेवटी नुसती घंटा होते. म्हणून एवढंच मागणं आहे. पुढे कधी पंगतीत बसलात आणि पाचव्या जिलेबीला हात आडवा धरलात, तर कामोठ्याच्या विजयमालाबाईंची आठवण काढा.