ब्रेकच्या डिस्कचा जबाब

मी एक जुनी ब्रेकची डिस्क आहे. झिजलेली, कडेला गंजलेली. मित्रांनो, एवढं वाचून लगेच हळहळू नका. मला तुमची कीव नको आहे. माझ्यावर एक आळ आला होता, तो मला खोडून काढायचा आहे.

मोटारीच्या पुढच्या डाव्या चाकाआड मी असे आणि उजव्या चाकाआड माझी जुळी बहीण. दिसायला आम्ही लोखंडाच्या जाड थाळ्या. ब्रेक दाबला की दोन पॅड मला दोन्ही बाजूंनी आवळून धरत, मी तापत असे आणि गाडी थांबत असे. गाडी पळाली की लोक इंजिनाचं कौतुक करतात. गाडी थांबली तर कोणी काही म्हणत नाही. न म्हणेनात! मी माझं काम चोख केलं.

गाडी एका नर्सबाईंची होती. घर टेकडीच्या पायथ्याशी, शाळा आणि दवाखाना वर. रोज संध्याकाळी दोन्ही मुलींना मागे बसवून बाई तो लांबलचक उतार उतरत. सगळा भार आम्हा बहिणींवर.

बाईंचा धाकटा भाऊ त्यांच्याकडेच राहायचा. गाडीवर मामाचा भारी जीव! गाडी दारात थांबते न थांबते तोच हा नळी घेऊन हजर. पहिलं पाणी चाकांवर, कारण धूळ तिथे जास्त. आम्ही तव्यासारख्या तापलेल्या आणि वर गार पाण्याचा फवारा! चर्र आवाज व्हायचा, वाफ निघायची, मुली टाळ्या पिटायच्या. मग मामाला आणखी चेव यायचा. रोज असला छळ झाल्यावर कोणाचं अंग सरळ राहील? मी वाकडी झाले. केसभरच, पण झाले.

ब्रेक दाबला की स्टिअरिंग बाईंच्या हातात थरथरू लागलं. एकदा शेवटच्या वळणावर गाडी पुढच्या टेम्पोपासून जेमतेम वीतभर अंतरावर थांबली. घरी आल्यावर बाई कितीतरी वेळ गाडीतून उतरल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी गॅरेज गाठलं. मामाही बरोबर होता.

मिस्त्रींनी आम्हा दोघींना काढून बाकावर ठेवलं.

"बघ ताई, मी म्हणत नव्हतो? मुळात मालच हलक्या प्रतीचा," मामा म्हणाला.

हलक्या प्रतीचा! मला तोंड असतं, तर मी ते गॅरेज दणाणून सोडलं असतं.

"घासून सपाट नाही का करता येणार?" बाईंनी विचारलं.

"नाही हो. किती पातळ झाल्यावर काढायची, ते तिच्या कडेवरच कोरलेलं असतं. या दोघी तिथवर आल्यात. आता नव्याच घाला."

ऐकलंत? शेवटच्या हद्दीपर्यंत राबले होते मी. हलकी वस्तू इतकी टिकते का?

मामाने फळीवरची एक चकचकीत, भोकाभोकांची डिस्क उचलली. "हीच घेऊ! शर्यतीच्या गाड्यांना असते. चाकातून काय झकास दिसेल!"

"मला दिसायला नकोय, थांबायला हवीय," बाई म्हणाल्या आणि मिस्त्रींकडे वळल्या. "ही टिकेल का?"

"एरवी टिकते. पण तापलेली असताना पाणी पडलं, तर भोकांपाशी तडे जातात. साधीलाही ते सोसत नाही. ती वाकते."

बाईंनी बाकावरच्या आम्हा दोघींकडे पाहिलं. मग सावकाश भावाला म्हणाल्या, "संध्याकाळी तू नळी मारतोस, तेव्हा चाकातून चर्र होतं ना रे?"

मामाचा चेहरा खर्रकन उतरला. "अगं, गाडी स्वच्छ राहावी म्हणून मी..."

"माझ्या मुली असतात त्या गाडीत!"

मामाने हातातली डिस्क गुपचूप फळीवर ठेवली. "साध्याच द्या," तो हळूच म्हणाला. "आणि ताई, गाडी निवल्याशिवाय मी नळीला हात लावणार नाही."

नव्या डिस्कची जोडी बसली, पॅडही नवे आले. आम्हा बहिणींना डिकीत टाकून बाई मुलींना आणायला वर गेल्या. येताना उतारावर एक रंगारी खांद्यावर शिडी घेऊन सायकलवरून गल्लीतून थेट समोर आला. बाईंनी ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत, जरासुद्धा न थरथरता, जागच्या जागी थांबली. मी मात्र डिकीत घसरत गेले आणि सीटच्या पाठीवर धाडकन आदळले. पलीकडे मुली होत्या. रंगारी शिडी सावरत निघून गेला.

मला नव्या पोरींचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? पण अभिमान त्याहून जास्त वाटला. त्या अगदी माझ्यासारख्याच होत्या, साध्या.

मित्रांनो, तापलेल्या चाकाला आधी निवू द्या, मग काय धुवायचं ते धुवा. स्टिअरिंग थरथरलं तर चालढकल करू नका. आणि मला भंगारात खुशाल टाका, पण हलकी म्हणून टाकू नका. मी झिजले ती त्या दोन मुली रोज घरी पोहोचाव्यात म्हणून, आणि त्या रोज पोहोचल्या.