शर्टाखालची पिवळी जर्सी

मी जर्सी बोलतेय. गाय नव्हे, अंगात घालतात ती. रंग हळदीचा, छातीवर ‘सह्याद्री शिलेदार’ हे हॉकी संघाचं नाव आणि पाठीवर सतरा आकडा. हा सतरा नंबरचा खेळाडू दुसऱ्याच वर्षी आम्हाला सोडून समोरच्या संघात गेला. बरीच वर्षं मी त्याला फितूर म्हणत आले. आता म्हणत नाही. का, ते सांगते.

तिरुपूरच्या कारखान्यात माझा जन्म झाला. पुण्यात स्टेडियमबाहेर दोरीवर लटकत असताना सूर्यकांतने मला उचललं. तो सुट्टीवर आला होता. आठवड्याभराने मी त्याच्या बॅगेत, मेतकूट आणि भाजणीच्या पुड्यांखाली दबून, दुबईला आले. जुमेरा लेक टॉवर्समध्ये एकविसाव्या मजल्यावर आमचं घर.

आमचे शिलेदार आठ मोसम खेळले आणि सात वेळा तळाला राहिले. एकदाच तळाच्या वर होते, तेही दुसऱ्या एका संघाचे गुण कापले गेले म्हणून. तरी सूर्यकांतने एकही सामना चुकवला नाही. संघ जिंकेपर्यंत मला धुवायचं नाही, असा त्याचा नियम. माझी काय दशा होत असेल, तुम्हीच विचार करा. त्याची बायको मृणालिनी मला दोन बोटांच्या चिमटीत धरून बाल्कनीत नेऊन टाकायची. म्हणायची, “अहो, हे जिंकेपर्यंत बिल्डिंगवाले आपल्याला नोटीस देतील.”

त्यांची लेक इरा इथेच जन्मली. आता दहा वर्षांची आहे. तिच्यासाठीही सूर्यकांतने माझ्यासारखीच एक छोटी जर्सी मागवली. हरल्यावर तो तिला जवळ घेऊन म्हणायचा, “हरले तरी आपलेच ना गं?” ती म्हणायची, “ऑब्व्हियसली, बाबा.” त्या दोघांच्या मध्ये चेंगरून बसायला मला फार आवडायचं.

यंदा लीगने आमचा एक सामना दुबईतच ठेवला. सूर्यकांत तिकिटं काढणार, तेवढ्यात त्याचे बॉस मधू सर यांनी दोन पास त्याच्या हातावर ठेवले. कंपनीचा बडा क्लायंट समोरच्या संघाचा प्रायोजक होता आणि पासही त्यांच्याच स्टँडमधले होते. सर म्हणाले, “फ्रायडेला हाफ डे आहे, सीधा ग्राउंडवर या. क्लायंटशी ओळख करून देतो. प्रमोशनचं पण बघू, इन्शाल्ला.” फुकटचे पास असताना तिकीट कोण काढतो? तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

शुक्रवारी सूर्यकांतने आधी मला घातलं आणि वरून ऑफिसचा पांढरा शर्ट. वरची तीन बटणं उघडी ठेवली, म्हणजे मी दिसावी. इरा तर डोक्यापासून पायापर्यंत पिवळीधमक होती.

मध्यंतराला आमच्यावर चार गोल झाले होते. क्लायंट मागे वळून म्हणाला, “ये लोग हॉकी खेलने आए हैं या पिकनिक पे? इनको सपोर्ट कौन करता होगा?” सगळे हसले. सूर्यकांतही हसला. त्याच्या छातीशीच होते मी, त्यामुळे ते हसू मला आधी कळलं. मग त्याची बोटं वर आली आणि त्याने एकेक करत तिन्ही बटणं लावली, अगदी गळ्यापर्यंत.

“तुम्ही कोणाचे?” मधू सरांनी विचारलं.

“मी न्यूट्रल आहे, सर. मुलीला हौस.”

इराने ऐकलं. ती उठली, खाली कठड्याशी गेली आणि एकटीच आमच्या संघाच्या नावाने ओरडत राहिली.

आम्ही सहा गोलांनी हरलो. सामना संपल्यावर आमचा गोलकीपर अन्वर हेल्मेट हातात घेऊन तिच्यापाशी आला. त्या सगळ्या स्टँडमध्ये पिवळं असं तेवढंच होतं. “बेटा, किसके साथ आई हो?” त्याने विचारलं.

तिने मागे पाहिलं. सूर्यकांत अर्धवट उठला होता. एवढ्यात क्लायंटने त्याच्यापुढे हात केला आणि तो हात मिळवायला वळला.

“अलोन, अंकल,” इरा म्हणाली.

पुढच्या महिन्यात प्रमोशन झालं. मृणालिनीने शिरा केला. इराने पोट दुखतंय म्हणून तो खाल्ला नाही.

गेल्या शनिवारी सूर्यकांतने मला पुन्हा अंगात घातलं, वर काहीही न घालता, आणि इराच्या दारावर टकटक केली. “इरा, यल्ला, चल लवकर, मॅच लागतेय.”

“इट्स ओव्हर, बाबा. दुपारी होती. मी पाहिली.”

त्याला वेळच माहीत नव्हती. आठ वर्षांत पहिल्यांदा त्याचा सामना चुकला. त्याने हळूच विचारलं, “आपण जिंकलो का गं?”

आतून उत्तर आलं, “हू इज ‘आपण’, बाबा?”

तो अजून तिथेच उभा आहे आणि त्याच्या अंगात मी आहे. इरा, दार उघड म्हणायला मला तोंड नाही. पण एक कबूल करते. त्या दिवशी बटणं लागली आणि लोकांच्या नजरा माझ्यावरून हटल्या, तेव्हा मलाही सुटल्यासारखं वाटलं होतं. तेव्हापासून सतरा नंबरवाल्याला फितूर म्हणायचं मी सोडलं. म्हणून म्हणते, रागावायचंच असेल तर एकट्या बाबावर रागावू नकोस.