भिंतीपलीकडचा शेरा

बोरीच्या कस्तुराबाई एका दिवसात दोन स्वयंपाक करत. पहिला घरच्यांसाठी, मोठ्या भांड्यांत, भरभर आणि कुरकुरत. दुसरा अंगणातल्या तळहाताएवढ्या चुलीवर, लेकीच्या जुन्या भातुकलीत, अगदी जीव लावून. रुपयाएवढी भाकरी, बोराएवढ्या वांग्याचं भरीत, बुचाएवढ्या कढईत फोडणी. सून राजेश्री ते फोनवर टिपायची आणि चॅनेलवर टाकायची. त्यातून पैसा मिळत नव्हता. मिळावा अशी इच्छाही नव्हती. हौसेला मोल नसतं, एवढंच त्या नवऱ्याला, महारुद्ररावांना, सुनावायच्या.

बघणारे फार नव्हते, पण होते ते पक्के होते. पुण्याला लेकाकडे जाऊन कंटाळलेल्या बाया, निवृत्त मास्तर, आणि माहेरची चव आठवून हळवं होणाऱ्या कुणीकुणी. सगळे खाली दोन शब्द लिहायचे. कस्तुराबाई ते राजेश्रीकडून वाचून घ्यायच्या, पण कान टवकारायचे ते एकाच नावाला. आश्रुबा. फोटो ट्रॅक्टरचा.

आश्रुबा म्हणजे त्यांचे थोरले दीर, भिंतीपलीकडच्या घरात राहणारे. या गृहस्थाला ताटातलं मीठ कुठलं आणि साखर कुठली हे चाखल्याशिवाय कळत नसे. तेव्हा त्यांच्या नावानं “वांगं नीट भाजलं न्हाई” असं कोण लिहितं, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. त्यांची बायको, कस्तुराबाईंची थोरली जाऊ लक्ष्मीबाई.

दोघी जावांचा अबोला होता. राजेश्रीच्या लग्नात येसर आमटी केली होती; येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ. लक्ष्मीबाईंनी व्याह्यांकडच्या बायकांसमोर एक घोट घेतला आणि “पाणचट झालीय” म्हणून वाटी खाली ठेवली. कस्तुराबाईंनीही मग तोंड आवरलं नाही. तेव्हापासून निरोपांची ने-आण महारुद्ररावांकडे आली. एकच भिंत ओलांडायची, पण बायको सांगणार, “त्यांना म्हणावं, जातं पाहिजे,” आणि वहिनी सांगणार, “तिला म्हणावं, घेऊन जा.” बिचारा माणूस दोन्हीकडची बोलणी खाऊन थकला होता. दोन्ही घरांत नवे फोन आले आणि त्याची सुटका झाली.

लक्ष्मीबाईंना फोनवर लिहिता येत नसे, त्या फोनमध्ये बोलत आणि फोन ते लिहून घेई. फोन बहिरा असावा अशा आवाजात बोलत. “तेल सुटलं न्हाई. घाई लय.” हे भिंतीअलीकडे स्वच्छ ऐकू यायचं. पण अबोल्यात ऐकलं असं दाखवलं की आपली हार. कस्तुराबाई खाली मान घालून शेंगा सोलत बसायच्या. मग फोन वाजायचा, राजेश्री तेच शब्द वाचून दाखवायची आणि कस्तुराबाई नव्यानं संतापायच्या. “लिव्ह त्यांना, बगणाऱ्यानं गप बगावं.” पलीकडे ते वाचलं जाई. पुढच्या खेपेला मात्र कढईत तेल सुटेपर्यंत थांबायच्या, आणि पलीकडून “आता बरं हाय” असं आलं की त्यांची भाकरी टम्म फुगायची.

आणि एक दिवस हे सगळं बंद पडलं. ठेचा टाकला, आणि खाली लिहायची जागाच नाहीशी झाली. राजेश्रीनं बरंच वाचलं. मग तिनं सासूला समजावलं की, लहान लेकरांची माहिती गोळा करता येऊ नये असा कायदा आहे, म्हणून लेकरांच्या व्हिडिओंखाली कुणाला काही लिहू देत नाहीत. आपण “लेकरांसाठी नाही” असं कळवलं होतं, पण कंपनीच्या मशीनला बारकी बारकी भांडी दिसली, आणि तिनं आपल्याला लेकरांत काढलं.

“लेकरं कुठं बगायलीत?” कस्तुराबाई म्हणाल्या. “मपले बगणारे समदे गुडघेदुखीवाले.”

राजेश्रीनं हेही सांगितलं की कायदा काही वाईट नाही, लेकरांच्या मागं लागणारे लोक असतात. ते कस्तुराबाईंना पटलं. लेकरांचं भलं होत असेल तर होऊ दे, पण त्यात आपल्या ठेच्याचा काय गुन्हा, हे पटेना. राजेश्रीनं कंपनीकडे दाद मागितली. उत्तर तत्परतेनं आलं, गोड भाषेत आलं, आणि नाही असं आलं.

मग घरातली अक्कल कामाला लागली. महारुद्ररावांचं म्हणणं पडलं की व्हिडिओत मोठ्या माणसांचा विषय पाहिजे. ते चुलीशेजारी मांडी ठोकून बसले आणि भाकरी भाजेपर्यंत सोयाबीनचा भाव, खताची टंचाई आणि पीक विमा यांवर बोलले. भाकरी करपली. मशीन ढिम्म हललं नाही.

दुसरा उपाय कस्तुराबाईंनी स्वतः काढला. राजेश्री माहेरी गेली होती. शेजारच्या पोरीला हाताशी धरून त्यांनी भाकरीच्या व्हिडिओला मथळा देवविला : “फक्त मोठ्या माणसांसाठी. कस्तुराबाई आणि तापलेला तवा.” त्यात वावगं काय ते त्यांना दिसलं नाही. तवा तापलेला होता, आणि माणसं मोठीच हवी होती.

कधी नव्हे एवढी माणसं आली. देवगाव फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलात म्हणे बापेमाणसं टेबलाखाली फोन धरून बघत होती. शेवटपर्यंत बघितलं आणि हाती आली ती रुपयाएवढी भाकरी. संध्याकाळच्या आत सेलूहून धाकट्या भावाचा फोन. त्याचा आवाज रडवेला झाला होता. “अक्का, तुला काय कमी पडलं गं?” कस्तुराबाईंना आधी कळेना, आणि कळलं तेव्हा त्यांनी पदरात तोंड लपवलं. महारुद्रराव तर चार दिवस पारावर फिरकले नाहीत. राजेश्रीनं माहेरूनच तो व्हिडिओ उडवला.

त्यानंतर भिंतीपलीकडे चिडीचूप झालं. एवढा मोठा फजितवाडा होऊनही लक्ष्मीबाईंचा एक शब्द नाही, याचं कस्तुराबाईंना फार लागलं. नाव ठेवायला तरी कुणी हवं होतं. राजेश्री परतल्यावर पिठलं केलं, थालीपीठ केलं, पण कुणी चूक काढीना, आणि चूक निघत नसलेल्या स्वयंपाकाला त्यांना चवच वाटेना. त्यांना सरळ सरळ जावेची आठवण यायची. हे त्या कुणाला सांगणार? न राहवून त्यांनी नवऱ्याला पाठवलं, बहाणा जात्याचा. महारुद्रराव येऊन म्हणाले, “बऱ्या हायेत. फोन घेऊन बसल्यात. तुझं पिठलंच बगायल्यात. इचारलं मला, लिहायची जागा कुठं गेली म्हणून.”

दुसऱ्या दिवशी कस्तुराबाईंनी राजेश्रीला सांगितलं, आज येसर आमटी करायची. तिच्या लग्नापासून त्या घरात येसर आमटी शिजली नव्हती. सुनेनं सासूकडे पाहिलं आणि टिपायला फोन हातात घेतला.

चूल त्यांनी मुद्दाम भिंतीला टेकून मांडली. फोडणी दिली, पाणी ओतलं, उकळी आली. मग त्या भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाल्या, “आता मी येसर तसंच उकळत्या पाण्यात टाकायलेय. कोरडंच.” आणि टाकलंही. चिमुकल्या भांड्यात गोट्यांसारख्या गुठळ्या धरल्या.

पलीकडे बाज करकरली. कस्तुराबाईंनी दुसरी चिमूट घेतली. “आणखी टाकायलेय,” त्या म्हणाल्या.

“कस्तुरे, हात आवर.”

आवाज भिंतीवरून आला. या खेपेला तो फोनला उद्देशून नव्हता. “येसर गार पाण्यात कालवत्यात आधी. सासूबाईंनी काय शिकवलं व्हतं?”

कस्तुराबाईंनी ऐकलं. नुसतं ऐकलं नाही, तर मान वर करून ऐकलं, आणि हार झाली ती झाली. “मला न्हाई येत,” त्या म्हणाल्या. “तुमी येऊन दावा.”

लक्ष्मीबाई आल्या. इतक्या वर्षांनी आल्या तरी पहिल्यांदा भांड्यात डोकावल्या आणि नाक मुरडलं. मग चुलीपाशी फतकल मारून बसल्या आणि गुठळ्यांकडे बघतच बोलल्या. “त्या दिवशी आमटी पाणचट न्हवती. झकास झालती. पण लग्नाच्या आमटीत येसर थोरल्या जावेच्या हातानं पडतं आपल्या घरात. सासूबाईंपासनं तसंच हाय. तू मला हाक न्हाई मारली. मी हात धुऊन बसले व्हते.”

कस्तुराबाईंना तो दिवस आठवला. पाहुण्यांची घाई, पेटलेला जाळ, स्वतःच्याच हातातलं येसराचं ताट. जाऊबाईंना हाक मारायची राहूनच गेली होती, आणि इतकी वर्षं आपणच दुखावलो असं त्या समजत होत्या. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी भांडं रिकामं केलं, धुतलं, पुन्हा फोडणी दिली आणि येसराचा डबा दोन्ही हातांनी जावेपुढे धरला.

लक्ष्मीबाईंनी वाटीत हात धुतले. चिमटीभर येसर गार पाण्यात कालवलं आणि त्या एवढ्याशा भांड्यात सावकाश सोडलं. आमटीला रंग आला. बाहुलीच्या चमच्यानं दोघींनी एकेक थेंब चाखला, आणि मीठ कमी आहे की जास्त यावरून लगेच जुंपली.

राजेश्री सगळं टिपत होती. व्हिडिओ टाकायच्या वेळी फोननं तोच नेहमीचा प्रश्न पुढे केला, हे लेकरांसाठी आहे का. ती सासूला म्हणाली, आता यात तुम्ही दोघी एवढ्या भांडलायत की कंपनीला पटंल, पुन्हा दाद मागते, लिहायची जागा मिळून जाईल.

कस्तुराबाई काही म्हणायच्या आत लक्ष्मीबाई उत्तरल्या. “काय करायचीय जागा? मी हितंच बसलेय की.” आणि मग जावेकडे वळून, “मीठ कमीच हाय, कस्तुरे.”